डाग

तिसऱ्या आठवड्याचं काम : एक मेलेली केटली उघडायची,
तुकडे तोलायचे, प्रत्येकापुढे लिहायचं
कुठून आला, कुठे जाईल.

शेफील्डला चारलाच अंधारलंय.
माझी केटली क्रुक्सच्या चढावर मिळालेली,
कुंपणाच्या भिंतीवर, ‘घेऊन जा’ची चिठ्ठी लावून.

तळाला तीन स्क्रू, तिकोनी खाचेचे.
त्यांना बसेल असा पेचकस दुकानात मिळत नाही.
“मुद्दाम,” ऑलरेनशॉ बाई म्हणाल्या
आणि खणातून तो काढून दिला,
चोरीचा माल द्यावा तसा.

पोलाद दोनशे ग्रॅम. प्लास्टिक तीनशे दहा. तांबं अकरा.
आणि आत पांढरं, खरखरीत कीट.
इथलं पाणी मऊ, इथलं नव्हे हे;
ही आधी कुठल्या तरी दुसऱ्या गावात
उकळत होती वर्षानुवर्षं.
तक्त्यात त्याला रकाना नाही.

मग सापडली ती तार,
जोडापासून केसभर सुटलेली. एवढंच.
मी डाग दिला.
तुमच्याकडे याला काय म्हणतात, डॅरिलनं विचारलं.
डाग, म्हटलं.
सदऱ्यावर पडतो तोही डाग,
सोनाराकडून घडवून आणतात तोही.
“तिन्ही एकच?”
मी कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिले नव्हते.

पहिली दोन पाणी ओतून दिली.
तिसऱ्याला बाईंनी दूध आणलं.

‘कुठे जाईल’पुढे लिहिलं : अजून इथेच आहे.
सहा गुण कापले गेले,
तुकडे जमा केले नाहीत म्हणून.