इतिवृत्तात न घेतलेले

अठरा मे, दुपारी चार, रामदासपेठ.
उपस्थिती एक्काहत्तर,
त्यातले निम्मे कूलरसमोर.
इतिवृत्त लिहायला मी.

पडद्यावर नकाशा.
निळी रेघ आपली, लाल त्यांची.
एक पश्चिमेकडून, एक दक्षिणेकडून,
आणि बुटीबोरीच्या अलीकडे दोन्ही इतक्या जवळ
की शेवटच्या रांगेतून जांभळं दिसतं.

उमाठेसाहेब उठले.
बत्तीस वर्षं वेकोलित, उमरेडला.
निवृत्तीचे पैसे निळ्या रेघेत.
"कोळसा आमच्यासमोर पडून राहायचा," म्हणाले,
"ढीग पाहूनच सांगायचो, किती टन.
तुमच्या नळात काय आहे ते सांगा मले.
अन् दोघांचेही नळ भरतील
एवढा वायू आणणार कुठून, बाप्पा?"

अध्यक्ष उत्तरले.
'क्षमता' हा शब्द सात वेळा आला.
मी एकदा लिहिला.

मग देवपुजारी मॅडम, माइक न घेता:
"तो काचेचा कारखाना म्हणजे लग्नाचा मुलगा आहे.
त्यांच्याकडे पोहे खाल्ले, आपल्याकडे खाल्ले,
दोन्हीकडे म्हणाला, कळवतो.
आणि तुम्ही मांडव घालून बसलात!"

हशा झाला.
हशा लिहायचा नसतो, मला सांगितलेलं आहे.

मला कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर सांगितलं असतं,
त्या जांभळ्या जागी माझ्या मावशीचं वावर आहे.
तिथे दोन पिवळे खांब आहेत, दोन कंपन्यांचे,
दोन्हींवर एकच मजकूर: येथे खोदू नये.
शेळी एकाला पाठ घासते, मग दुसऱ्याला.
काकांना मोबदला दोनदा मिळाला.
भेटले की विचारतात,
"तुमच्या ऑफिसात पाहा ना जरा, तिसरी कधी येऊन राहिली?"

नळांवरच्या पट्ट्यांत झाड लावता येत नाही,
मुळं खाली जातात म्हणून.
दोन पट्ट्यांच्या मधे अकरा पावलं उरतात.
तिथे त्यांनी कडुनिंब लावलाय.
गेल्या रविवारी माझ्या कमरेएवढा होता.

ठराव क्रमांक चार, भांडवलवाढ.
बहुमताने मंजूर.
विरोधात एक हात,
मोजून झाल्यावरही
उमाठेसाहेबांनी तो खाली घेतला नाही.
चहावाला आला, ट्रे पुढे केला,
तेव्हा घेतला.

मी लिहिलं:
सभासदांच्या शंकांचे समाधान करण्यात आले.

रात्री मानेवाड्याला, घरी,
भात अर्ध्यावर असताना आच निळ्याची पिवळी झाली.
आमच्या गल्लीत नळ यायचा आहे,
फॉर्म भरून तीन वर्षं झाली.
मी वाकले,
दोन्ही हातांनी सिलिंडर जरासा उचलला,
हलवून पाहिला,
आणि नवऱ्याला म्हटलं, आहे अजून.
किती, ते त्याने विचारलं नाही.