निपाणीत, बाटली उघडताना

बूच निघालं शेवटी स्क्रूड्रायव्हरनं,
अर्धं आत पडलं.
बोर्दोची आहे, बारा वर्षं जुनी, मी सांगत होतो.
हौसाक्कानं स्टीलचा पेला नाकाशी धरला.
"वखार," म्हणाली.
"पावसाळाभर बंद, दिवाळीनंतर उघडलेली."

मागच्या लेबलावर फ्रेंचमध्ये तंबाखू असंच लिहिलंय,
तीस वर्षं विड्या वळणारीला ते कोण सांगणार.

घोट घेतला. तोंड आखडलं.
"तुरट हाय. हिरव्या जांभळागत."

खरड्याशी तिचं जमेना,
मिरचीनं पार कडू करून टाकली.
मग तव्यावरची कलेजी, नुसतं मीठ,
तेव्हा कुठं मऊ आली
वाइन. हौसाक्काही.

"एवढ्या लांबनं आणलीस," बोटं हुंगत म्हणाली,
"आन् वास माझ्याच हाताचा."

उरलेलं अर्धं बूच
तिनं तेलाच्या बाटलीला लावून बघितलं.
बसलं.