शेवटचं शून्य

महाप्याला, तिसऱ्या मजल्यावर,
एसीखाली बादली ठेवलेल्या खोलीत
आम्ही ठरवतोय
विचारणाऱ्यानं कसं विचारायचं
आणि सांगणाऱ्यानं कसं सांगायचं.
फळ्यावर दोन चौकोन. डावा क्लायंट, उजवा सर्व्हर.
मधले बाण पुसून पुसून राखाडी झालेले.

जुन्या आवृत्तीत एक प्रश्न गेला
की उत्तर येईपर्यंत दुसरा जात नसे.
रेशनच्या खिडकीत आतला माणूस पावती शोधतोय
आणि बाहेर सगळे गप्प, तसं.
आता दहा टाका एकदम, प्रत्येकाला नंबर द्या,
उत्तरं मागेपुढे आली तरी नंबरावरून ओळखा.
"म्हणजे लाँड्रीची चिठ्ठी," सुबोध इनामदार म्हणाला.
दोन पानांचा मजकूर मी तिथेच खोडला.

पहिले चार बाइट लांबीचे.
पुढे किती येणार ते आधी सांगायचं,
म्हणजे ऐकणाऱ्याला कळतं कुठे थांबायचं.
शाळेत पत्र शिकवलं तेव्हा हेच होतं:
माथ्यावर श्री, उजवीकडे तारीख, मायना, वि. वि.,
मग कुठे मजकूर.
ता. क.ला जागा सोडावी लागते
हे आम्हाला तिसऱ्या आठवड्यात सुचलं.

सगळ्यात मोठं भांडण चुकीवरून.
सर्व्हरला काही समजलं नाही
की तो सरळ जोडणी तोडायचा, फोन आपटावा तशी.
पलीकडचा पुन्हा जोडायचा, पुन्हा तेच विचारायचा.
एका रात्रीत चौदा हजार वेळा.
मी कलम सात लिहिलं:
समजलं नाही तर तसं सांगावं.
काय समजलं नाही, तेही.
आणि जोडणी चालू ठेवावी.
मोठ्यानं वाचताना माझा आवाज मधेच अडकला.
घरी नऊ दिवस झाले होते आमच्या अबोल्याला.

आणि ते शून्य.
प्रत्येक निरोपाच्या शेवटी एक रिकामा बाइट.
लांबी सांगितलेली असताना कशाला?
कोडमध्ये गावंड सरांची एकच ओळ: काढू नका. द. गा.
घणसोलीला फोन केला. मागे मिक्सर चालू होता.
"तुर्भ्याला जा," सर ओरडले. "कांदा-बटाटा. गाला शेठ."

पोत्यांमागे काळवंडलेला संगणक,
कीबोर्डवर प्लास्टिक, प्लास्टिकवर कांद्याची फोलपटं.
वजनकाट्याला जोडलेला.
त्याला लांबी वाचता येत नाही.
तो शून्य येईस्तोवर ऐकत राहतो,
एकोणीस वर्षं.
शेजारी दोघं रुमालाखाली हात घालून उभे.
बोटं दाबली, सोडली, पुन्हा दाबली.
एकानं मान हलवली. झाला सौदा.
"या बोटांचा अर्थ कधी बदलला का हो?"
गाला शेठ हसले.
"बदलून सांगू कोणाकोणाला?"

सुबोध चिडला. एक बाइट गुणिले
रोजचे चाळीस कोटी निरोप. गणित बरोबर होतं.
दुपारचं जेवण गार झालं त्यात.
शेवटी ठरलं: आल्या आल्या पाहुण्यानं आवृत्ती सांगावी.
तीन म्हणाला तर तीनमध्ये बोलू.
दोन म्हणाला तर सर्व्हरनं दोनमध्ये उतरावं,
शून्यासकट, न कुरकुरता.
(न कुरकुरता हे शब्द मसुद्यातून काढायला लावले.)

माथ्यात आठ बाइट राखीव.
आज त्यात काही भरू नये, अर्थ नंतर ठरेल.
ठरवणारा कोण, कोणालाच माहीत नाही.
कदाचित आत्ता रबाळ्याच्या शाळेत
पाढे म्हणत असेल.

पावणेअकराला चाचणी लावली.
खिडकीतून कारखान्याचा गोडसर वास,
पारसिकच्या कापलेल्या अंगावरून
एक डंपर दिवे लावून उतरत होता.
तुर्भ्याहून पहिला निरोप आला: दोन.
आमच्याकडून गेलं: दोन. बोल.
मग तेवीस पोती, बारा किलो तूट,
आणि शेवटी ते.