तृतीय पुरुष

गोळीबार चौकात, झेरॉक्सच्या दुकानावर
माझा संध्याकाळचा क्लास.
कूलरचं पाणी संपलं की वाळा नुसता खरखरतो.

पौनीकरबाई मागच्या बाकावर,
पुण्याला गेलेल्या नातवाची अर्धी कोरी वही घेऊन.

नवऱ्याला इंग्रजीत 'ही' म्हणायचं, मी सांगितलं.
"ही? ही तं बाई झाली, सर!
अन् तेबी एकेरी. मले नाही जमत बाप्पा,
चाळीस वर्षं 'हे'च म्हटलं त्याईले."

तिथं मान सर्वनामात नसतो, बाई.
यू म्हणजे तू, तुम्ही, आपण, सगळंच.
"मंग भांडणात अरे-तुरेवर कसे येत असतीन?"

मायसेल्फ शिकवलं त्या दिवशी
त्यांनी वाक्य केलं : आय कुक मायसेल्फ.
पोरं बाकावर लोळली.
बाईही हसल्या. मग म्हणाल्या,
"काय चुकलं जी त्याच्यात?"

माइनला उदाहरण सापडेना.
माग त्यांच्या नावावर, घर दिराच्या.
शेवटी चष्मा काढून दाखवला.

तृतीय पुरुष म्हणजे, मी फळ्याकडे बघत म्हटलं,
जो बोलणं चालू असताना समोर नाही, तो.

"हो," बाई म्हणाल्या. "समोर नाही."

आम्ही आणि आपण, दोन्हींना एकच वी.
"मंग समोरच्याले धरलं का सोडलं, कसं समजते?"
संदर्भावरून, मी म्हटलं.

आज वही तपासतोय.
एकाच ओळीचा गृहपाठ :
वी लिव्ह इन गोळीबार चौक.

लाल पेनाचं टोपण काढलं होतं.
खाली, झेरॉक्सवाला शटर ओढतोय.