रिकामा कंस

स्तावलोमध्ये नोव्हेंबर लागला की
शेजारीपाजारी गाड्या घेऊन येतात,
बाबा त्यांना हिवाळ्याचे टायर घालून देतो.
पैसे घेत नाही. मादाम पिरोत अंडी ठेवून जाते,
कुणी बियरच्या चार बाटल्या.
प्रत्येक नट तो पान्याने आवळतो,
मग पुन्हा हाताने चाचपतो,
मग गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत
चाकाकडेच बघत राहतो.

स्वयंपाकघरात मी लॅपटॉप उघडलाय.
चार ओळींचा प्रोग्राम, तिसऱ्यांदा लिहिलेला.
पहिल्यांदा स्वल्पविराम राहिला, दुसऱ्यांदा वर्ष चुकलं.
मागणी साधी आहे:
हे वर्ष, ही शर्यत, ही गाडी,
पिटमध्ये किती वेळा आली, किती वेळ थांबली.
एवढंच दे.

आणि यंत्र देतं. निमूट, ताबडतोब,
जणू इतकी वर्षं दारामागे उभंच होतं.

फेरी अकरा. बावीस पूर्णांक चार.
फेरी सत्तावीस. बावीस पूर्णांक नऊ.
फेरी एक्केचाळीस. एकतीस पूर्णांक सात.

हे आकडे वाचायचे कसे, ते मला ठाऊक आहे.
यात सगळी गल्ली आली: आत वळल्यापासून
बाहेर पडेपर्यंतचा, वेग बांधून दिलेला रस्ता.
ते वीस सेकंद कुणाचेच नाहीत.
उरतात ते माणसांचे.
एक्केचाळिसाव्या फेरीत उरले साडेअकराच्या वर,
त्यातले नऊ माझ्या बापाचे.

डावं मागचं चाक. नट आट्यांत तिरका बसला.
मी चौदा वर्षांची, टीव्हीसमोर.
सगळे एकाच रंगाचे, सगळे हेल्मेटमध्ये,
आई त्याला पाठीवरून ओळखायची.
ती इस्त्री करत होती.
नऊ सेकंदांत शर्टाची बाही जळते.

तक्त्यात गाडी चालवणाऱ्याचा रकाना आहे,
फेरीचा आहे, घड्याळातल्या वेळेचाही आहे.
गन कुणाच्या हातात होती, त्याचा नाही.
मी सगळे रकाने नावानिशी छापायला लावले.
नाही.
एका परीनं बरंच.

मग त्याआधीची वर्षं मागितली.
बारा हंगाम, त्याची चांगली वर्षं,
पापणी लवायच्या आत चाक बाहेर, चाक आत.
यंत्र जराही अडखळलं नाही.
एक चौकोनी कंस उघडला,
एक बंद झाला.

वाटलं, माझंच काही चुकलं.
वर्ष बदललं. शर्यत बदलली.
कंस. कंस.
मग कळलं, या वहीत थांब्यांची नोंद सुरूच होते
त्या हंगामापासून.
त्याच.
हजारो चाकं सरळ बसली, तेव्हा
कुणी लिहून घेत नव्हतं.

बाबा आत आला हात धुवायला.
स्क्रीन मिटायला दोन सेकंद पुरले असते,
त्याच्या मापाने तर चिक्कार.
मला जमलं नाही.

कपाळावरचा चष्मा खाली ओढून
त्याने एकतीस पूर्णांक सात वाचलं.
"सातच?" म्हणाला. "मला आठ आठवत होते."

मग न धुतलेलं बोट कंसावर टेकवलं.
"आणि हे काय?"
तुझी आधीची वर्षं, मी म्हटलं. काहीच नाहीये त्यात.
तो बघत राहिला बराच वेळ,
फाटकाबाहेर जाणाऱ्या चाकाकडे बघतो तसा.
"काहीच नाही ना," म्हणाला,
"मग नीट झालं असणार सगळं."

बाहेर हॉर्न वाजला. कोलिन्योंची व्हॅन,
मागे मुलांची सायकल बांधलेली.
तो गेला, हात न धुताच.
काचेवर काळा ठसा राहिला, दोन कंसांच्या
बरोबर मध्ये नाही, जरा डावीकडे.

खिडकीतून पान्याची करकर येत होती.
मला मोजायची सवय आहे.
तिसऱ्या चाकापाशी आकडा विसरले.