बिनसेलाची

रबाळे एमआयडीसी, गाळा नंबर दोनशे सात.
खालच्या मजल्यावर खोकी बनतात, वर आम्ही
खोक्यांना बोलायला शिकवतो.
हे वाक्य ऋजुता मॅडमचं, पैसे गुंतवणाऱ्यांसाठी राखून ठेवलेलं.
माझं काम एवढंच: साडेआठला शटर उचलायचं,
रोल उलगडायचा, एकेक चिठ्ठी रीडरपुढे धरायची.
बोलली तर हिरव्या क्रेटमध्ये,
मुकी निघाली तर बादलीत.

दोन बोटं लांब, कागदाहून थोडी जाड,
पोटात ॲल्युमिनिअमची नागमोडी रेघ,
रेघेच्या मधोमध मोहरीपेक्षा बारीक चिप.
आईने एक नखाने खरवडून पाहिली.
"सेल कुठं घालतात हिच्यात?"
नाही घालत. रीडर लहर सोडतो,
तिच्यातलंच चिमूटभर घेऊन ही जागी होते,
गारवा किती ते सांगते नि परत झोपते.
"म्हणजे विचारलं तर बोलणार."
हो.
"अन् मधल्या वेळात?"
मधल्या वेळाचं तिला काही ठाऊक नसतं, आई.
तिने चवळीतला खडा काढून खिडकीबाहेर टाकला.

मंगळवारी तुर्भ्याहून फोन.
कोंबड्यांच्या लसीची सेहेचाळीस खोकी,
तळोज्याला भरताना चार अंश,
तुर्भ्याच्या दारात अकरा.
आमच्या चिठ्ठ्यांनी पहिल्यांदाच काहीतरी पकडलं होतं.
ऋजुता मॅडमनी टेबलावर थाप मारली,
कुणीतरी समोसे मागवले,
आणि हातातला रीडर देऊन मला रिक्षात बसवलं.
फेरतपासणी.

धक्क्यावर गाडी उभी, दारं सताड उघडी,
आतला गारवा कधीच निघून गेलेला.
ड्रायव्हर यासीन तडवी, रावेरकडचा,
पायरीवर बसून चपलेचा अंगठा दाभणाने शिवत होता.
सुपरवायझर म्हणाला, डिझेल वाचवायला कूलिंग बंद केलं याने,
मशीननेच सांगितलंय.
मशीनने अकरा सांगितलं होतं.

मी ट्रिगर दाबला. एकामागून एक सगळ्या बोलल्या,
सेहेचाळीस.
"यातली कोण बोलली माझ्याविरुद्ध?"
सगळ्याच.
"एक दाखव."
एका खोक्यावरची अलगद सोलून मी त्याला दिली.
त्याने मूठ मिटली.
रीडरवर पंचेचाळीस.
उघडली, सेहेचाळीस.
मिटली, पंचेचाळीस.
पाण्यापुढे हिचा आवाज बसतो, मी म्हटलं,
अन् माणूस म्हणजे पुष्कळसं पाणीच.
तो हसला नाही.
मूठ मिटलेलीच ठेवून सांगत गेला:
पावणेतीन तास रांगेत.
गेटवरचा म्हणाला, धूर आत येतो, इंजिन बंद कर.
इंजिन बंद म्हणजे कूलिंग बंद, हे त्यालाही माहीत.
त्याचं नाव? नाव नाही विचारलं. निळी टोपी.
सुपरवायझरला तेवढ्यात कुणाचा तरी फोन आला,
तो बोलत बोलत लांब गेला.

चिठ्ठी परत चिकटवायला मागितली
तेव्हा घामाने तिचा गोंद गेला होता.

आमच्या तक्त्यात तीन रकाने: कुठे, किती वाजता, किती अंश.
चौथा मी धक्क्यावरच जोडला. नाव सुचेना,
म्हणून "मधला वेळ" लिहिलं
आणि खाली टोपीच्या रंगासकट सगळं.

रात्री मॅडमचा मेसेज: हा रकाना कुठून आला?
सिस्टिम तो वाचत नाही.
लिहिलं, नका वाचायला लावू तिला. तुम्ही वाचा.
दोन निळ्या खुणा.
टाइप करतायत असं दिसलं,
गेलं,
पुन्हा दिसलं.

बादलीत आज मुक्या एकोणीस.
त्यातली एक घरी आणली होती,
ती आईने सुकटीच्या डब्यावर चिकटवली,
सगळ्या डब्यांची झाकणं सारखीच दिसतात म्हणून.