त्रेसष्ट टक्के

लिएपायाच्या बंदरात, लाकूड निर्यात करणाऱ्या कंपनीच्या तळघरात
इल्ग्वार्स सलग तिसऱ्या रात्री त्याच खुर्चीत.
बॅकअप शाबूत आहे. डिस्कवर जागा आहे.
परवानग्या दोनदा तपासल्या, एकदा मोठ्यानं वाचून.
तरी स्काईद्रीतेबाईंचा जुना मेलबॉक्स
त्रेसष्ट टक्क्यांपर्यंत येतो आणि फतकल मारतो,
फाटकाच्या अलीकडेच, हट्टी बकरीसारखा.

छत्तीस असते तर समजलं असतं,
ते आकडे पाठ फिरवूनच जन्मतात.
हे तर समोरासमोर बसलेले,
मग कशावरून बिनसलंय?

वर रस्त्यावर बाल्टिकचा वारा
एका सैल पाटीला रात्रभर जाब विचारतोय.
खाली लॉग. चार हजार ओळी,
त्यातल्या तीन हजार नऊशे म्हणतात, सगळं ठीक.
इल्ग्वार्सला ठीक म्हणणाऱ्यांचाच संशय येतो.
पहाटे कधीतरी, थंड कॉफीच्या तळाशी,
ती ओळ सापडते:
ज्या खात्याची ही पत्रं, ते हे खातं नव्हे.

चार वर्षांपूर्वी बाई आयर्लंडला गेल्या, मशरूम खुडायला.
नियमाप्रमाणे खातं पुसलं.
परत आल्या तेव्हा नवं काढून दिलं, त्याच नावाचं,
ईकारही तोच, दीर्घ.
पण सर्व्हर नावं वाचत नाही.
तो आतली जन्मखूण बघतो,
अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ,
आणि ती एका माणसाला एकदाच मिळते.

सकाळी बाई खाली आल्या, कागदात गुंडाळलेलं शहाजिऱ्याचं चीज घेऊन.
‘म्हणजे तुमचं म्हणणं, मी ती नाही?’
‘मी नाही म्हणत. तो म्हणतो.’
‘माझा कुत्राही असंच म्हणाला होता,’ बाई म्हणाल्या,
‘आठवडाभर. मग भुकेनं ओळख पटली.’

एक कळ आहे. जुळत नसलं तरी घे, अशा अर्थाची.
पुस्तकात तिच्याशेजारी तीन इशारे छापलेत.
इल्ग्वार्सनं ती दाबली.
चौसष्ट. सत्तर. एक्क्याऐंशी.
आणि थांबलं.
पहिले पाढे पंचावन्न.

आता वेगळंच. काही पत्रं नासलेली,
आणि यंत्राला आकडा आधी हवा:
किती गेलेली चालतील?

‘एकही नाही.’
‘तीन रात्री तेच लिहिलं होतं, बाई. शून्य.
एक नासकं आलं की शून्यवाला दारच लावून घेतो.’

त्यांनी चाकू मागितला.
चीजच्या कडेला हिरवट बुरशी आली होती,
तेवढी कापली, बोटभर, जरा जास्तच,
बाकीच्याचे दोन तुकडे केले.
‘दहा लिहा.’

अकरा हजार चारशे बारा आली.
सात नाही आली.

जिच्यासाठी हा सगळा खटाटोप,
ती पाइनच्या फळ्यांच्या मापाची पावती
पहिल्याच शोधात मिळाली. चाळीस घनमीटर, सहीसकट.
खरेदीदार आता गप्प बसेल.
बाईंनी ती छापली, घडी घातली,
आणि उठल्या नाहीत.

सातांबद्दल लॉगला फक्त तारखा ठाऊक होत्या.
चीजच्या कागदाच्या पाठीवर
त्यांनी त्या एकेक उतरवून घेतल्या,
तेलकट जागी पेन उमटेना, तिथे पुन्हा गिरवून.
पाचवीपाशी हात थांबला.
‘चौदा मार्च,’ त्या म्हणाल्या,
‘हे असू दे. हे मला पाठ आहे.’

म्हणून दाखवलं नाही.
इल्ग्वार्सनं विचारलं नाही.
चीज खारट झालं होतं,
तेही त्यानं सांगितलं नाही.